डबा जुना, माल कसला? नौपाड्यातल्या एका फियाटचं प्रकरण

ठाण्याच्या तीन हात नाक्याचा सिग्नल लाल होता. नानांचा पाय ब्रेकवर होता आणि पेडल त्यांच्या पायाखालून सावकाश खाली चाललं होतं. मी शेजारी बसलो होतो. "अरे, हे बसतंय," नाना म्हणाले. आवाज अगदी शांत, जणू खुर्चीबद्दल बोलतायत. गाडी हळूच पुढे सरकायला लागली. पुढे टीएमटीची बस. मी हँडब्रेक ओढला, नानांनी गिअर टाकून इंजिन बंद पाडलं, आणि बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अलीकडे आम्ही थांबलो.

गाडी सत्तरीच्या सुरुवातीची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, नानांच्या वडिलांनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक ऑइलची लाइन एकच, आणि या प्रकरणात महत्त्वाची बाब तीच. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइन असतात. एक फुटली तरी दुसरी निम्मा ब्रेक देते. इथे एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकं गेली.

टो करून गाडी चरईत मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली. मागचं डावं चाक काढलं, ड्रम काढला. आत सगळं ओलं, लायनरसुद्धा ब्रेक ऑइल प्यायलेलं. व्हील सिलिंडरच्या, म्हणजे चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याच्या, रबरी टोपीतून थेंब लोंबत होता. आणि तो सिलिंडर नवा होता, अकरा दिवसांपूर्वी बसवलेला.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय आता घरच्यांना जाचते. म्हणून नानांनी विचारलं, "हा पार्ट डुप्लिकेट आहे का, तू बघशील?" तेव्हा मी हो म्हणालो. ते आठवडाभराचं काम होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

माल आणला होता नानांच्या पुतण्याने. तो ऐरोलीला असतो आणि काकांच्या गाडीवर त्याचा जीव आहे. एका विक्रेत्याकडे "बंद पडलेल्या दुकानातला जुना स्टॉक" मिळाला म्हणून त्याने सगळा लॉटच उचलला: चार व्हील सिलिंडर, पेडलने दबणाऱ्या मास्टर सिलिंडरचे दोन रबर किट, एक सोलेक्स कार्ब्युरेटर, चार प्लग, डिस्ट्रिब्युटरची टोपी. चौतीस हजार, यूपीआयने. बिल नाही, एक चिठ्ठी. तिच्यावर बॉलपेनने: "जुना स्टॉक. परत नाही."

अशा लॉटचं आकर्षण समजण्यासारखं आहे. प्रीमियर पद्मिनी म्हणजे याच गाडीचं पुढचं रूप, आणि तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. तरीही मुंबईत सामानाची चणचण नव्हती, कारण रस्त्यावर काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या. टॅक्सीवाल्याला रोज गाडी लागते, म्हणून दुकानदार माल ठेवत आणि छोटे कारखाने तो बनवत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही उतरली. आता गिऱ्हाईक उरलं हौशी. हौशी माणूस भावाची घासाघीस कमी करतो आणि डबा बघून विरघळतो. नकली माल बनवणाऱ्याला याहून चांगला बाजार कुठला?

नानांच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही सगळे डबे मांडले. काकूंनी नापसंती न लपवता चहा दिला.

डब्यांपासून सुरुवात केली ती सोपं म्हणून. डब्याला मी पुराव्यात सगळ्यात खालची जागा देतो. तरी छापलेला कागद कधीकधी स्वतःच बोलतो. प्लगच्या डब्यावर किमतीपुढे रुपयाचं चिन्ह होतं, आडव्या दोन रेघांचं. हे चिन्ह सरकारने स्वीकारलं जुलै २०१० मध्ये. आणि विक्रेता म्हणत होता माल ऐंशीच्या दशकातला. प्लगचा विषय तिथेच संपला. पत्त्यांवरूनही असंच कळतं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधीच्या मुंबईच्या पत्त्यात "मुंबई-४", "मुंबई-२८" असा एकदोन आकडी विभाग असे. इंग्रजीत बॉम्बेचं मुंबई झालं १९९५ मध्ये, मद्रासचं चेन्नई १९९६ मध्ये. सत्तरीतला म्हणून विकलेल्या डब्यावर ग्राहक सेवेचा ई-मेल दिसला तर पुढे बघायचंच कारण नाही.

पण उलटं खरं नसतं. डबा खरोखर जुना निघाला म्हणून आतला पार्ट जुना ठरत नाही. बंद झालेल्या दुकानांचे रिकामे डबे विकले जातात, आणि मूळ डब्यात दुसरा माल भरणं हे तर सगळ्यात स्वस्त काम. व्हील सिलिंडरचे डबे नेमके असे होते. कागद पिवळा, कोपरे मऊ, छपाई जुन्या पद्धतीची किंचित सरकलेली. मला तरी त्यात खोट दिसली नाही. म्हणून डबे बाजूला सारले आणि माल हातात घेतला.

इथे एक अडचण आली. तुलना कशाशी करायची? कंपनीचं ड्रॉइंग आपल्याकडे नसतं. मूळ नमुना हवा, आणि तो मिस्त्रींनी काढून टाकला होता. सुदैवाने गॅरेजवाला भंगार रोज विकत नाही. पत्र्याच्या डब्यात हात घालून मिस्त्रींनी जुने चारही सिलिंडर शोधून काढले, काळेकुट्ट, एकाचा नट गंजून चिकटलेला. नाना म्हणाले, "हे कशाला, हे तर गेलेले." माझ्या दृष्टीने मात्र पूर्ण टेबलावर तेवढेच चार पार्ट खात्रीचे होते, कारण नानांच्या आठवणीप्रमाणे ते गाडीबरोबर आलेले, कधी न बदललेले. आतून झिजले असतील, पण बाहेरची ओतीव बाजू कशाने झिजणार?

त्याच ओतीव बाजूवर मी व्हर्नियर लावला. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. बिडाचा पार्ट ओततात तेव्हा धातू गार होताना आक्रसतो, साधारण एक टक्का. कारखान्याचा पॅटर्न, म्हणजे ओतायचा नमुना, बनवणारा ही घट धरून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो. नकल करणाऱ्याकडे पॅटर्न नसतो. तो बाजारातला एक तयार पार्ट घेतो, त्याचाच वाळूत ठसा उमटवतो आणि त्यात ओततो. मग त्याची प्रत मूळ पार्टपेक्षा एक टक्का लहान निघते. बोर (आतलं भोक), आटे, बसायची सपाट बाजू या गोष्टी नंतर मशीनवर बरोबर मापात आणता येतात. मशीन न लागलेली अंगं मात्र लहानच राहतात.

जुन्या सिलिंडरच्या अंगाची लांबी ६२.४ मिलिमीटर भरली. दुसऱ्या जुन्याची ६२.३. नवे चार: ६१.७, ६१.८, ६१.७, ६१.६. अक्षरंही तशीच. जुन्यावरची उठावाची अक्षरं तेलकट असूनही कडांना धारदार होती; नव्यावरची चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत.

तरीही पुतण्या वाद घालत होता, आणि त्याचा वाद रास्त होता. "काका, दुसऱ्या कंपनीचा वेगळा पॅटर्न असेल तर? मापात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक पडणारच की." बरोबर. नुसत्या मापावर मीही कुणाला नकली म्हटलं नसतं.

मग काकूंचा वाचायचा चष्मा मागून घेऊन मी एकेक सिलिंडर खिडकीपाशी नेला. ब्लीडर निपलच्या (लाइनमधली हवा काढायच्या तोटीच्या) खाली, डाव्या अंगाला, एक तिरकी चीर होती. पाना घसरला की पडते तशी, तांदळाच्या दाण्याएवढी. नव्या पार्टला पान्याची चीर? दुसरा उचलला. त्यालाही चीर, त्याच जागी, त्याच तिरकेपणाने. तिसऱ्याला. चौथ्याला. आणि चिरेच्या तळाशी धातू चकचकीत नव्हता. बाकीच्या अंगासारखीच वाळूची खरबरीत कातडी तिथेही होती. म्हणजे चीर नंतर पडलेली नव्हती, ओतीवातच आली होती. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी गाडीवरून पाना मारून काढलेला एक सिलिंडर घेतला होता, आणि त्याच्या जखमेसकट त्याच्या प्रती काढल्या होत्या.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही.

नकली ठरलं, पण गळती का झाली हे अजून उरलं होतं. नकली पार्टसुद्धा नीट बनवला तर चालतो. मी तसे बघितलेत. बोरमध्ये नख फिरवलं तर नख अडकत होतं. लेथवर कापल्याच्या रेषा तशाच ठेवलेल्या, होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, ही गोष्ट झालेलीच नव्हती. ब्रेक ऑइल अडवणारा रबरी कप त्या रेषांवरून अकरा दिवस पुढे-मागे गेला म्हणजे किसणीवरून गेला. काढलेल्या कपाची कड हाताला चिकट लागली आणि बोटावर काळं उतरलं. हे मला खटकलं. नुसत्या घासण्याने रबर चिकट होत नाही.

म्हणून रबराची वेगळी परीक्षा घेतली. ती कुणालाही घरी घेता येईल. जॅमच्या दोन बाटल्या. एकीत सीलबंद डब्यातलं नवं डॉट-३ ब्रेक ऑइल, दुसरीत साधं इंजिन ऑइल. प्रत्येकीत दोन कप: एक न गळलेल्या नकली सिलिंडरमधला, दुसरा आज चालू असलेल्या एका नामांकित कंपनीचा, तेवढ्याच मापाचा, पक्क्या बिलाने घेतलेला. टाकण्याआधी चारही कपांच्या ओठाचा व्यास वहीत लिहिला. झाकणं घट्ट, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. बाल्कनीत, दुपारच्या उन्हात, पाच दिवस.

नाव जरी ब्रेक ऑइल असलं तरी ते तेल नव्हेच, ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. त्यात टिकणारं रबर खनिज तेलात फुगतं. आणि ऑइल सीलसाठी जे नायट्राइल रबर वापरतात, ते तेलात टिकतं पण ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. म्हणून दोन बाटल्या. पाच दिवसांनी कंपनीचा कप ब्रेक ऑइलमध्ये जवळपास तसाच होता आणि इंजिन ऑइलमध्ये फुगून बेढब झाला होता. नकली कपाचं अगदी उलट: इंजिन ऑइलमध्ये ठणठणीत, ब्रेक ऑइलमध्ये दीड मिलिमीटरने फुगलेला, मऊ, आणि बाटलीतलं ब्रेक ऑइल चहासारखं झालेलं. ऑइल सीलच्या रबराचा ब्रेकचा कप बनवला होता. कुणी लबाडी म्हणून केलं की त्याला फरकच ठाऊक नव्हता, हे मी सांगू शकत नाही. तीन हात नाक्याला त्याने काय फरक पडला असता?

आता मास्टर सिलिंडरचे रबर किट. लॉटमधली निर्विवाद अस्सल वस्तू हीच होती. प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालेलं, आतल्या पावडरचं पीठ झालेलं, अंगावरचा ठसा धारदार. नानांचा चेहरा उजळला. "हे तरी ओरिजिनल ना?" मी कप दोन बोटांत धरून ओठ उलटा दुमडला. कडेने केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. "ओरिजिनल आहे, नाना. आणि मेलेलं आहे."

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींशी माझं भांडण इथे होतं. जुना न वापरलेला स्टॉक मिळाला की लोक सोनं मिळाल्यासारखं करतात. हेडलाइटची काच, दाराचं हँडल, डॅशबोर्डचा काटा असेल तर जरूर करा. पण रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं. कप, होज, डायफ्रॅम, ऑइल सील, फॅन बेल्ट यांत चाळीस वर्षांचा अस्सल माल घेण्यापेक्षा या वर्षीचा, आजच्या कंपनीचा, मापाने जुळणारा माल घ्यावा. तो "बरोबरचा" नसेल, पण ब्रेक लागेल.

कार्ब्युरेटर ही वेगळीच गंमत होती. बाहेरून चांदीसारखा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नानांच्या गाडीवरच्या जुन्याच्या शेजारी ठेवला. वजन जवळपास सारखं. सोलेक्सचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. तसाच ॲल्युमिनियममध्ये ओतला असता तर निम्म्याहून हलका भरला असता. अक्षरंही धारदार. म्हणजे अस्सल. पण स्क्रूच्या खाचांचे काठ उठलेले, म्हणजे उघडून झालेला. थ्रॉटलचा दांडा हलवला तर खुळखुळत होता. वापरलेला कार्ब्युरेटर ॲसिडमध्ये धुऊन नव्या डब्यात घातलेला. हा नकली नाही, पण नवा म्हणून विकणं ही फसवणूकच. आम्ही तो ठेवला. दांड्याला बुश बसवून घेतलं की कामाचा होता. डिस्ट्रिब्युटरची टोपी आजच्या बनावटीची निघाली, ठीक होती, बसवली.

एवढं झाल्यावर मी एक नकली आणि एक जुना सिलिंडर पिशवीत घालून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. तिथल्या एका जुन्या दुकानदाराने डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुन्या सिलिंडरची पाइपची नट काढून नकलीत हाताने फिरवली. एक वेढा, दुसरा, आणि नट अडकली. "आटे बघा," म्हणाला. फियाटचे आटे मेट्रिक. ॲम्बॅसॅडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, तिच्याकडे इंची. १० मिलिमीटर आणि ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, हे नवख्या डोळ्याला एकच वाटतात. नकलीत आटे पाडायचा टॅप इंची होता की नुसता झिजलेला, यावर त्याचं-माझं एकमत झालं नाही. पण माझी पाच दिवसांची परीक्षा त्याने दहा सेकंदांत घेतली, हे कबूल करायला हवं.

मग बसवलं काय? जुनेच सिलिंडर. वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याने चारही जुनी अंगं बोर करून आत स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह दाबून बसवले आणि मूळ मापाला होन करून दिले. कप आजच्या कंपनीचे. प्रत्येकी अकराशे रुपये मजुरी. बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून मी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरलं. तसूभर खाली गेलं नाही. रात्रभर चारही चाकांच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागद कोरडे. मग ड्रम पुन्हा काढून आतही बघितलं, कारण पहिली गळती ड्रममध्येच जिरते, जमिनीवर यायला वेळ लागतो.

विक्रेत्याशी बोलणं पुतण्याने केलं. आधी "चिठ्ठीवर लिहिलंय, परत नाही." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. आमचे पंचवीस झाले होते. पुतण्याने यूपीआयची नोंद, चार चिरांचे चार फोटो आणि दोन बाटल्यांचा एक फोटो पाठवला, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतोय असं कळवलं. दुसऱ्या दिवशी सिलिंडर, प्लग आणि किटचे एकवीस हजार परत आले. वर निरोप: माल परत द्या.

तो द्यावा की नाही यावर नानांचं आणि माझं वाजलं. पैसे घेतले म्हणजे माल त्याचा, हे नानांचं म्हणणं, आणि ते सरळ आहे. माझं म्हणणं, तो उद्या दुसऱ्याच्या गाडीत जाईल. शेवटी विक्रेत्यालाच विचारलं, कापून दिले तर चालतील का? तो म्हणाला, कापलेले काय करू, राहू द्या तुमच्याकडे.

यात एक गोष्ट राहिली. नानांनी हा अस्सलपणाचा ध्यास घेतला होता तो विंटेज नोंदणीसाठी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि "व्हीए" मालिकेतला नंबर. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. मी नियम वाचून दाखवला. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको असं आहे; ब्रेकचा कप कुठल्या सालचा हे कुणी विचारत नाही. पण पुढेच आहे की अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. नानांनी चष्मा काढला. "म्हणजे रविवारी उपवनला चहाला नाही?" नाही. "मग राहू दे." त्यांनी नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच केलं.

दिवाळीनंतर ड्रम पुन्हा उघडून बघितले, कोरडे होते. त्याच संध्याकाळी पुतण्याने मला एका नव्या विक्रेत्याच्या मालाचा फोटो पाठवला. दुसरं नाव, दुसरं शहर, "दुर्मिळ, मूळ, न वापरलेला" व्हील सिलिंडर, निळ्या मखमलीवर ठेवलेला. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. ब्लीडर निपलच्या खाली, डाव्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढी तिरकी चीर.